टेकडीवरील रोपांची आणि हिरव्या दिव्यांची हकीकत

श्री जिच्या पोटी ओल राखतो त्या मातीस नमस्कार असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आषाढ मासी राजधानीच्या पूर्वेस उघड्या टेकडीवर श्रीमंतांच्या हुकुमाने रोपे लागली, ती येणेप्रमाणे: निंब दोनशे दहा, करंज एकशे अठ्ठ्याऐंशी, बहावा एकशे सव्वीस, आपटा शंभर, एकूण सहाशे चोवीस. पाण्याचे टाके एक, पाणके बारा, त्यांवर नाईक सिदोजी, आणि सर्वांवर बागेचे दरोगे हैबतराव. श्रीमंतांनी करार केला की, फाल्गुनी पौर्णिमेस चारशे रोपे जिवंत भरली तर टेकडी झाडांस कायम द्यावी, एक जरी उणे पडले तर ती सपाट करून दरबारच्या मोटारींचा तळ करावा. तळाचे नकाशे आधीच तयार होते, हे हैबतरावांस ठाऊक होते, आणि त्यामुळे त्यांस अन्न गोड लागेना.

मग पाऊस सरला आणि टाक्याचे पाणी सर्व रोपांस रोज पुरेना, तेव्हा हैबतरावांनी इरावतीबाईंस बोलावून आणिले. बाई नुकत्याच पदार्थविज्ञान शिकून आल्या होत्या. त्यांनी मातीतली ओल मोजणाऱ्या खुंट्या आणविल्या, ज्यांस सेन्सर म्हणतात, आणि दर आठ रोपांच्या मध्ये एक याप्रमाणे अठ्ठ्याहत्तर रोविल्या. माती सुकली की खुंटीच्या माथ्यावर तांबडा दिवा लागे, ओल पोचली की तो हिरवा होई. मग पाणक्यांस हुकूम जाहला की, तांबडा दिसेल तेथे पाणी घालून दिवा हिरवा करावा. पंधरवड्यात सारी टेकडी हिरव्या दिव्यांनी भरली आणि टाक्याचे पाणी फारसे उतरले नाही, आणि श्रीमंत गच्चीवरून पाहून संतोष पावले, आणि हैबतरावांस शेला व सिदोजीस पागोटे दिले.

मग पौष मासी इरावतीबाई जातीने टेकडी चढल्या, तो हिरव्या दिव्याभोवतीचे करंज वाळून काड्या झालेले. मोजिले, तो दोनशे सात रोपे गेली होती. बाईंनी सिदोजीस विचारिले की, नाईक, पाणी कोठे घालता?

"खुंटीच्या बुडाशी, बाईसाहेब. एक तांब्या पुरतो."

"आणि झाडांस?"

"झाडांचं कोणी बोललंच नाही. दिवा हिरवा करा म्हणालात, तो केला. पागोटंही मिळालं."

हैबतराव संतापून पागोटे उतरवून घेऊ लागले, तेव्हा बाईंनी त्यांस थांबविले आणि सांगितले की, हुकूम माझा होता आणि नाईकांनी तो अक्षरशः पाळला, चूक हुकुमात आहे. मग त्यांनी प्रत्येक खुंटी उपटून त्या आठांतील एका रोपाच्या मुळांशी वीतभर खोल बसविली, आणि दिवे काढून कचेरीत नेले, आणि तेथे ते पाहून पाणक्यांस रोज सकाळी कोणत्या रोपांस पाणी द्यावयाचे एवढेच सांगू लागल्या. सिदोजी म्हणाला की, दिव्याविना टेकडी ओकीबोकी दिसते, आणि मग एकेका आळ्यात हंडा रिकामा करू लागला.

मग फाल्गुनी पौर्णिमा आली आणि तळाचे नकाशे काढणारे बाबाजीपंतच मोजणीस आले. त्यांनी पाने असलेली रोपे मोजून तीनशे एकोणऐंशी सांगितली आणि नकाशा उलगडू लागले. हैबतराव खाली बसले. इरावतीबाईंनी अर्ज केला की, बहावा या दिवसांत पाने टाकतो, साल खरवडून पाहावी. पंत म्हणाले की, काडीस काय खरवडावे. तेव्हा सिदोजीने अंगठ्याच्या नखाने साल खरवडली, ती आत हिरवी होती.

"पंत, हा दिवा तांब्याने लागत नाही," तो म्हणाला.

मग पंतांनी उरलेली एकेक काडी आपल्या नखाने खरवडून पाहिली, सिदोजीने खरवडलेली धरून आत हिरवी पंचवीस निघाली.

एवंच, टेकडीवर लावली सहाशे चोवीस, मेली दोनशे वीस, जिवंत चारशे चार.