आठ फरश्या

तीन थरांचा केक तयार होता, खाली गिऱ्हाईक हॉर्नवर हॉर्न वाजवत होतं आणि बायको म्हणत होती, ट्रॉली गॅलरीतून लिफ्टपर्यंत मुंगीच्या पावलांनीच न्यायची. सर वैतागले. बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याच्या घरात हे चालावं!

"अगं, क्रीम वितळेल. दुप्पट वेगानं नेतो."

"आणि थांबवणार कशी? पुढे भिंत आहे."

"नेहमीच्या चालीत ब्रेक दाबल्यावर किती फरश्या घसरते?"

"दोन."

"वेग दुप्पट, म्हणजे संवेग दुप्पट. म्हणून फरश्या चार. भिंतीच्या पाच फरश्या अलीकडे ब्रेक दाबायचा. वर एक शिल्लक!"

"आठ लागतील."

"कुठल्या सूत्रानं?"

"सूत्र-बित्र मला ठाऊक नाही. आठ."

"ऐक रे तिचं," सरांची आई म्हणाली.

"आई, हे शास्त्र आहे."

"पंखाही शास्त्रानंच बसवला होतास. अजून वारा छताला घालतोय."

सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. त्या घरात त्यांचं एकमत क्वचितच होई; सरांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"बरं, बाहेर थांबा. खोक्यात भरून देते," बायको म्हणाली.

भलामोठा खोका ट्रॉलीवर ठेवून ती आत गेली. सर चाकांना तेल देत बसले. तेवढ्यात हॉर्न थांबला. गिऱ्हाईक कंटाळून निघालं की काय! सरांनी ट्रॉली पिटाळली आणि ठरल्या फरशीवर ब्रेक दाबला. तिसरी फरशी गेली, चौथी गेली, पाचवीला ट्रॉलीनं भिंतच गाठली.

पांढरा धुरळा उडाला. सरांनी ओठ चाटले. गोड नाही. मैदा!

मागच्या जिन्यानं बायको धापा टाकत वर आली. "केक केव्हाच गाडीत बसला. आई नि मी, एकेक पायरी करत नेला."

"मग मला कशाला पळवलंस?"

"एरवी ट्रॉली सोडली असतीत?"

सर मैद्यातच बसले. "थांबायला वेळ दुप्पटच लागतो. पण अंतर ऊर्जेवर ठरतं, आणि ऊर्जा वाढते संवेगाच्या वर्गानं. संवेग दुप्पट, ऊर्जा चौपट. दोनाच्या चौपट... आठ! दरवर्षी फळ्यावर लिहितो मी हे! पण तुला कसं कळलं?"

"तुमचा पन्नासावा वाढदिवस आठवतो?"

"ओव्हन बिघडला म्हणून केक झाला नव्हता, तो?"

"ओव्हनला काय धाड भरली होती!" झाडू त्यांच्या हातात देत ती म्हणाली. "सात फरश्या अलीकडे ब्रेक दाबला होता मी."