तुळई बोलली

इनासमामा बोलता बोलता एकदम हात वर करायचे, मान तिरकी करून छताकडे कान द्यायचे आणि कुजबुजायचे, "गप. तुळई बोलली."

मग काय! लुगडं निवडणारी बाई लुगड्यासकट रस्त्यावर, शेठ गादीवरून उठून तिच्याही पुढे, आणि मी, दुकानाचा कारकून, कापड मोजायचा गज छातीशी धरून दाराच्या चौकटीत. चौकट सर्वांत शेवटी पडते, हे मामांनीच शिकवलेलं.

पापडीच्या बाजारातलं ते दुमजली घर मामांच्या पणजोबांनी बांधलेलं. खाली मामांचं सुतारकाम चाले. वर माडीवर बायको कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली, शेवटी वाचाही गेलेली, उशाशी एक काठी ठेवलेली. ती वारल्यावर मामांनी घर कापडवाल्या शेठना विकलं. अट एकच: दाराशी आपलं स्टूल राहील. शेठनी मधली भिंत पाडली, खिडक्या बुजवून फडताळं केली, माडीवर ताके रचले. तेव्हापासून तुळई बोलू लागली.

खोटं कशाला सांगू, डब्यातला घास तोंडात घालण्याआधी मी छताकडे बघत असे. अंगानं भरलेलं गिऱ्हाईक आलं की मामा त्याला कडेकडेनं नेत. "मधी नको, बाय. भितीला धरून चल."

ऐन दिवाळीच्या तोंडावर एक अख्खं वऱ्हाड असं पळालं. शेठनी सांगून टाकलं, पुन्हा तुळई बोलली तर स्टूल रस्त्यावर. मामा दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून बसले.

मला म्हातारा जायला नको होता. म्हटलं, लाकूड शाबूत आहे हे एकदा त्यांना ठोकूनच दाखवू. दुपारी शेठ जेवायला गेले, तसा मी जीव मुठीत धरून माडीवर चढलो आणि गजानं तुळईवरच्या जमिनीच्या फळीवर ठोकलं. ठक, ठक, ठक.

खाली स्टूल आडवं झालं. मामा रस्त्यावर धावले असणार. पण पावलं जिन्यावर वाजली.

"आलो गो, आलो. पानी आनतो."

दारात मामा. धापा टाकत, हातात पाण्यानं भरलेला गडू. त्यांनी ताक्यांकडे पाहिलं, गजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी गडू पुढे केला.

"तान लागली, भाऊ? घे."

मी सगळं पाणी प्यायलो.

शेठ परतले तेव्हा मी चौकटीत उभा होतो. म्हटलं, शेठ, तुळई खरंच बोलते, आज मी स्वतः ऐकलं. मामा गेले तर आपल्याला सावध कोण करणार?

शेठनी हळूच छताकडे पाहिलं. मग वाकून स्वतःच्या हातानं स्टूल सरळ करून ठेवलं.