साची होडीच्या पुकाराची हकीकत

श्रीदर्यादेव प्रसन्न असो. शके अठराशे ऐंशी, विलंबीनाम संवत्सरे, ज्येष्ठमासी पूर्वसमुद्रीच्या बेटांच्या राज्यात दाट धुके उतरले, ते समयींचे वर्तमान ऐसे जे: तेथील काना नामे अक्षरे बिनतारी यंत्राच्या खरखरीत एकासारखी एक ऐकू येत, म्हणोन सरकारने अक्षरागणिक शब्द नेमून दिधला. सा म्हणावयाचा तर ‘साकुराचा सा’, म्हणजे त्यांचे लाडके फूल, आणि ची म्हणावयाचा तर ‘चिदोरीचा ची’, म्हणजे किनाऱ्यावरचे पाखरू. दुजा शब्द बोलू नये ऐसा दंडक. आणि बंदराच्या ठाण्यात यंत्रापाशी पुकार ऐकावयास हानाए नामे तरुण बाई नवीच बसती जाहली, सारे शब्द तोंडपाठ, म्हणोन मान ताठ. मग भर दुपारी तोमे नामे कोळीण म्हातारीचा पुकार आला, की नवरा-बायको दोघेच होडीत, इंजिन बंद, पाणी खडकांकडे ओढिते.

“होडीचे नाव अक्षरे फोडून सांगा.”

“सादाचा सा गं बाई, माझी थोरली. चियोचा ची, धाकटी. लेकींवरनंच ठेवलंय!”

हानाएस नाव तत्क्षणी उमगले. परंतु बोलिली, “आजीबाई, बारसं मांडलंय का? नेमल्या शब्दांनी सांगा.” ठाण्यातील शेजारच्या यंत्रांवरील बाया फिदीफिदी हसल्या, आणि ते हिला गोड लागले.

“ते आम्हाला कुणी शिकवलं नाही, बाई.”

“मग आठवून बघा.”

आणि यंत्र मुके जाहले. मग हानाएने “साची, साची” ऐशा हाका घातल्या, परि उत्तर नाही, आणि होडी कोठे आहे हे पुसावयाचेच राहिले होते, तेव्हा मदतीची लाँच धाडावी तरी कोठे? ठाणेदार कुरोदासाहेब धावत आले, त्यांस हिने सांगितले, “नाव उमगलं नाही, साहेब.”

सांजेस होडी आपली आपण धक्क्यास लागली. म्हाताऱ्याने फळीने वल्हविली होती, तळव्यांची सालपटे निघाली होती. साहेब हानाएसह धक्क्यावर येवोन तोमेवरच कडाडले, “नियमानं बोलायला काय झालं होतं?”

तोमे कमरेत वाकोन म्हणाली, “माझंच चुकलं, साहेब. पोर बिचारी विचारत होती, माझीच जीभ मेली गावठी.”

हे ऐकोन हानाएस धरणी ठाव देईना. मग खाली मान घालोन बोलिली, “उमगलं होतं, आजी. पहिल्याच खेपेस.”

“उमगलं होतं? मग...” इतुके म्हणोन तोमेने पुढील शब्द गिळिला, नवऱ्याचे मनगट धरिले आणि चालती जाहली.

एवंच, होडी वाचली, म्हाताऱ्याचे तळवे भरोन आले, हानाएस ठपका लागला आणि चाकरी राहिली. परंतु तोमेने पुनः यंत्रास हात लाविला नाही. धुके पडले की साची होडीवरून म्हाताराच बोले, साकुराचा सा, चिदोरीचा ची, एक अक्षर न चुकता. आणि ते हानाएने निमूट लिहून घ्यावे.