केलगेरीच्या वळणावर बंद पडणारी फियाट

वादिराज तडकोडकर आपली ओळख करून देताना आधी चष्मा काढत. "उत्तर कर्नाटकातला एकमेव शास्त्रीय गुप्तहेर," ते म्हणत. "माझ्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही." चष्म्याशिवाय समोर बाई आहे की बुवा हे त्यांना कळत नसे, तेवढंच. वजनमापे खात्यात त्यांनी एकतीस वर्षं दुकानं तपासली आणि एकदाही कुणाचं माप कमी सापडलं नाही. ते येणार हे बाजाराला आदल्या दिवशीच कळलेलं असायचं. यावरून तडकोडकरांनी एवढाच निष्कर्ष काढला होता, की हुबळीचे व्यापारी फार सज्जन आहेत.

केशवापूरच्या भीमराव महेंद्रकरांना हे सगळं ठाऊक होतं. तरी ते त्यांच्याकडे गेले. सटवाजी मिस्त्रीनं हात टेकले होते, आणि रविवारी मुलगा अनिकेत पुण्याहून येणार होता.

प्रकरण असं होतं. भीमरावांची एकाहत्तरची फियाट. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, सटवाजीनं तिचा कार्बुरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलं. तेव्हापासून गाडी सकाळी एका किल्लीत सुरू होत होती. पण दर गुरुवारी भीमराव मेहुणीकडे, अंबूताईंकडे, धारवाडजवळ केलगेरीला जेवायला निघाले, की तळ्याकडे उतरणाऱ्या वळणावर ती बंद पडायची. दोन मिनिटं थांबायची, मग काही झालंच नाही अशी चालू लागायची. येताना कधी बंद पडत नव्हती.

"अप्पा, रविवारी मी शेजारी बसतो," अनिकेत फोनवर म्हणाला होता. "त्या वळणावर थांबली, तर सोमवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. मागून बस आली एखादी, तर काय करणार आहात?"

भीमरावांच्या पत्नी शालिनीबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या साड्या सुनेनं वाटून टाकल्या, डबेडुबे मोलकरणीनं नेले. उरली होती ती गाडी. शालिनीबाई तिच्यावर चालवायला शिकल्या होत्या, आणि डाव्या दाराचा पोचा त्यांचाच होता.

तपास सटवाजीच्या गॅरेजपासून सुरू झाला. तडकोडकर गाडीखाली वाकले, आणि त्यांना उठवायला दोघे लागले.

"नीट सांगतो, भीमण्णा," सटवाजी म्हणाला. "इंजेक्शनला जोराचा पंप लागतो. तो लावायच्या दोन रीती. एक, टाकी कापून पंप आत बुडवायचा, भोवती एक वाटी ठेवायची. दुसरी, पंप बाहेर, आणि मध्ये एक छोटी टाकी डिकीत. तुम्ही म्हणालात टाकी कापू नको, डिकीत काही ठेवू नको. मग मी पंप नुसताच बाहेर लावला. माझ्याकडे टाकी भरून कलघटगीपर्यंत फिरवली. एकदा खोकलीसुद्धा नाही."

"टाकीचं राहू दे," तडकोडकर म्हणाले. "पंप बाहेर. म्हणजे काम बाहेरच्या माणसाचं."

सटवाजीनं भीमरावांकडे पाहिलं. भीमरावांनी पान्याकडे पाहिलं.

पहिला सिद्धांत पेट्रोलचोराचा. नवनगरला चहाला थांबलं, की कुणीतरी नळी घालून पेट्रोल ओढतं. म्हणून मंगळवारी तडकोडकर चहा न पिता टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. चहावाल्यानं त्यांच्या तळहातावर दोन पेढे ठेवले. त्याला वाटलं नवी गाडी आहे, पूजा चालली आहे. वळणावर गाडी बंद पडली. दुसरा सिद्धांत तळ्यातून निघणाऱ्या म्हशींचा. म्हशी पाहून पंप दबकतो. बुधवारी एकही म्हैस नव्हती. गाडी बंद पडली.

"आता फक्त एकच शक्यता उरते," तडकोडकर चष्मा काढून म्हणाले. "गाडी जाताना थांबते, येताना नाही. म्हणजे तुम्ही पोचू नये असं कुणाला तरी वाटतं. दर गुरुवारी एक पान वाढायला लागतं ते कुणाला?"

"अंबूअक्कांना?" भीमराव म्हणाले. "अहो, त्यांची खानावळ आहे. रोज चाळीस पोरं जेवतात."

"एकेचाळिसावा माणूसच खुपतो."

गुरुवारी गाडी वळणावर थांबली, मग चालली, आणि दोघे केलगेरीला पोचले. अंबूताई शेवटची पंगत उरकत होत्या. तडकोडकरांनी पाटावर बसूनच सुरुवात केली.

"गेल्या चार गुरुवारी दुपारी बारा वाजता तुम्ही कुठे होता?"

"चुलीपाशी. तुम्ही?"

तडकोडकरांना आठवावं लागलं.

"येनरी हे, भीमराव? कोण हे?" अंबूताईंनी विचारलं. भीमरावांनी सगळं सांगितलं. पंप, वळण, अनिकेत, गिऱ्हाईक. अंबूताई ऐकता ऐकता वाढत होत्या. पातेल्यात सार तळाला गेलं होतं. त्यांनी पातेलं कलतं केलं, तशी पळी रिकामी आली. मग पातेलं दुसरीकडे कलतं करून त्यांनी पळी भरली आणि त्या थांबल्या.

"गाडीत पेट्रोल किती असतं?"

"पाच लिटर."

"पाचच? कायम?"

भीमरावांनी पानातलं मीठ बोटानं सरकवलं. "शालूचा नियम होता."

"ठाऊक आहे की मला," अंबूताई म्हणाल्या. "चौऱ्याण्णव साली टाकी भरून धारवाडला म्हणून निघालात, आणि तिसऱ्या दिवशी कारवारहून उगवलात. तेव्हापासून तिनं ठरवलं, जाऊन येण्यापुरतं पाच लिटर." त्यांनी सार वाढलं. "वळणावर उरलेलं पेट्रोल एका कोपऱ्यात जातं हो. पंप ओढतो कोरड्या बाजूनं. येताना वळण उलटं. यात कोण माणूस शोधताय?"

तडकोडकर सार प्यायले. "मी हेच म्हणणार होतो," ते म्हणाले.

संध्याकाळी सटवाजीनं कपाळावर हात मारून घेतला. कार्बुरेटरच्या पोटात थोडं पेट्रोल शिल्लक असायचं, त्यावर जुनं इंजिन ते वळण काढायचं. इंजेक्शनला शिल्लक नाही. "पाच लिटर, हे मला सांगायला नको होतं काय? सोप्पं आहे, भीमण्णा. उद्यापासून टाकी भरा. आय्तु, झालं. काही कापायला नको, काही नको."

भीमरावांनी डाव्या दाराच्या पोच्यावरून हात फिरवला.

"टाकी काप," ते म्हणाले. "पंप आत बसव. तुझी ती वाटी भोवती ठेव. तळाशी वाटीभर पेट्रोल असलं, तरी चालली पाहिजे."

"दोन दिवसांचं काम आहे. आणि कशाला? नुसतं भरलं की—"

"काप म्हटलं ना."

रविवारी भीमराव चालवत होते, अनिकेत शेजारी. मागे तडकोडकर, कुणी न बोलावता. वळण आलं. गाडी उतरली, वळली, तळं डाव्या हाताला आलं. इंजिन एकसारखं चालू होतं.

"माझ्या तपासाचा शेवट," मागून तडकोडकर म्हणाले.

अनिकेतनं काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकला. "बरी चालते की," तो म्हणाला. "राहू दे मग. अप्पा, परत जाताना पेट्रोल पंपावर थांबू. टाकी भरून टाकतो मी."

"नको," भीमराव म्हणाले. "पाच लिटर घाल."