आलेखाबाहेरचे पाय

"चिऊचे पाय आलेखात बसत नाहीत," सांख्यिकी अधिकाऱ्याने रविवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बसत नाहीत म्हणजे?"

"तीन वर्षांच्या मुलीची बसलेली उंची एकूण उंचीच्या निम्म्याहून जरा जास्त हवी. उरलेले पाय. ही बघ मधली रेघ, ही सगळ्यात वरची. आणि आपला ठिपका..." त्याने पेन्सिल सरकवत सरकवत कागदाबाहेर टेबलावर नेली. "इथे कुठेतरी. म्हणजे पाय फारच आखूड."

चिऊ पलंगावरून उड्या मारत होती. कालपर्यंत आईला ते पाय गोड वाटत होते. आता तिने हातातली घडी तशीच बाजूला टाकली.

"अरे, मग डॉक्टरांकडे जाऊ या ना!"

"आधी आनुवंशिकता तपासू," तो म्हणाला आणि त्याची नजर राहायला आलेल्या सासऱ्यांवर गेली.

सासरे निवृत्त फौजदार. भिंतीला पाठ लावून, छाती काढून ते बैठ्या स्टुलावर बसले. जावयाने टेप लावली, भागाकार केला आणि दोनदा घसा खाकरला.

"बोला, जावईबापू. घाबरू नका."

"बाबा, तुमच्या शरीराचं प्रमाण... दीड वर्षाच्या बाळाचं येतंय."

सासऱ्यांच्या मिशा थरथरल्या. "संचलनात मी पहिल्या रांगेत असायचो! रांगत नव्हतो!"

"मी फक्त आकडा सांगतोय, बाबा."

एवढं बोलला नसता तर कदाचित निभावलं असतं. सासरे ताडकन उठले आणि आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. "म्हणजे खोट काय ती आमच्याच घराण्यात, नाही का?" बायकोने डोळे पुसत विचारलं. तिच्या आईने मोजून घ्यायला साफ नकार दिला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"आता अस्वलाचं," चिऊ कापडी अस्वल पुढे करत म्हणाली.

कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको, म्हणून त्याने ते मोजलं. उभं धरून मोजलं, मग स्टुलावर बसवून मोजलं. पुन्हा मोजलं.

"हे बसल्यावर वाढतंय," तो पुटपुटला.

बायको जवळ आली. "बसलंय कशावर?"

"स्टुलावर."

"आणि टेप कुठून लावलीस?"

"जमिनीपासून," हे तो इतक्या हळू म्हणाला की फक्त अस्वलालाच ऐकू गेलं असावं.

स्टुलाची उंची वजा केल्यावर चिऊचा ठिपका मधल्या रेघेवर अलगद येऊन बसला. आईने तिला उचलून गच्च धरलं. एक बूट चढवलेल्या सासऱ्यांना हातापाया पडून पुन्हा बसवलं. तेही अगदी प्रमाणात निघाले. त्यांनी बॅग खाली ठेवली, पण राग नाही.

"आता तुम्ही बसा, जावईबापू."

पंचनामा करावा तशी त्यांनी स्वतः टेप धरली. बायकोने भागाकार केला. स्टूल वजा करूनही ठिपका सगळ्यात वरच्या रेघेच्या वरच गेला. सासऱ्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

बायको ओढणी तोंडावर धरून खिडकीबाहेर बघू लागली. अखेर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"वाईट वाटून घेऊ नका हो," त्या मायेने जावयाला म्हणाल्या. "आम्ही लग्न ठरवतानाच पाहिलं होतं. स्वभाव बरा वाटला, म्हणून बोललो नाही."