सायकलच्या स्पोकची गिटार

"त्यात काय एवढं? एक रविवार मिळाला, की बसवले पडदे!"

किन्हवलीच्या साईनाथने हे वाक्य अशा थाटात उच्चारले, की ऐकणाऱ्याला वाटावे, जगातल्या पहिल्या गिटारीच्या बाळंतपणाला सुईण म्हणून हाच हजर होता!

बेस गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. वादक मंडळी त्यांना सतारीप्रमाणे पडदेच म्हणत. बोट दोन पडद्यांच्या मध्ये कुठेही पडो, सूर आपल्या जागी उभा! साईनाथची गिटार मात्र बिनपडद्यांची. ती त्याने जुनी घेतलेली, आणि आधीच्या कुणा हौशी मालकाने पडद्यांसकट मूळची फळी उखडून तिथे काळी, गुळगुळीत फळी चिकटवलेली. तिच्यावर बोट शेवाळलेल्या पायरीवरून उतरल्यासारखे जपून न्यावे लागे. तरी शेखरच्या ऑर्केस्ट्रात शहापूर ते मुरबाड कितीतरी हळदी साईनाथने तिच्यावर निभावल्या होत्या. कुणाची तक्रार नव्हती.

दोन हजार तीनच्या लग्नसराईत मुरबाडचा मितेश आला. त्याच्या गिटारीला पडदे होते, आणि ते चकाकत!

तेही साईनाथने सोसले असते. पण आसनगावच्या तालमीत गायिका समीक्षा सहज बोलून गेली, "मितेशचा सूर कसा धुतल्यासारखा पडतो ना!" त्या क्षणी साईनाथच्या अंतःकरणात काहीतरी सावकाश विझले आणि दुसरे काहीतरी भसकन पेटले. मत्सर मोठा टापटिपीचा असतो; तो काहीच विसरत नाही. मितेशची इस्त्रीची कॉलर, मितेशचे मुद्दाम उशिराने हसणे, मितेशला मिळालेला चहा – तोही साईनाथच्या आधी! – सारे त्याने मनात घडी घालून ठेवले.

त्यातच शेखरने जाहीर केले, "मुरबाडच्या हळदीला दोघं या. अर्धा अर्धा वेळ वाजवा. पुढच्या सीझनला मी एकच बेसवाला ठेवणार."

एकच! म्हणजे समीक्षाच्या डाव्या हाताची ती जागा, जिथून तिच्या कानातला डूल दिसे, ती उद्या मितेशची होणार!

"दादा, कल्याणला वाद्यांच्या दुकानात टाक ना गिटार," धाकटी बहीण रेश्मा म्हणाली. "त्यांचं कामच हाय ते."

"ते महिनाभर लटकवतील. हळद येत्या शनिवारी हाय."

"मग मितेशची गिटार एक दिवस आण. तिच्यावरून मापं घे नि दे परत."

"मी? त्याच्या दारात मापं मागायला जाऊ?"

"नको जाऊ. मग नको बसवू पडदे. आतापर्यंत वाजवलंस ना तसंच?"

हा सल्ला इतका शहाणपणाचा होता, की तो स्वीकारणे साईनाथला अपमानास्पद वाटले.

मापाची युक्ती त्याने स्वतःच शोधली. देवळातल्या भजनी मंडळाच्या बारकूबुवांकडे पेटी होती. पेटीची एकेक पट्टी दाबायची, तो सूर गिटारीच्या तारेवर बोट सरकवत शोधायचा, आणि जिथे जुळेल तिथे पेन्सिलीची खूण! लहानपणापासून साईनाथचा कान याच पेटीवर वाढलेला. दुसरा गुरू कशाला हवा?

"बुवा, पेटी सुरात हाय ना?"

"सुरात?" बुवा दुखावले. "माझ्या बापापासून हिला कोणी हात लावला नाय! एकदाही उघडली नाय, का साफ केली नाय. जशीच्या तशी हाय!"

साईनाथचे समाधान झाले. दुपारभर बुवा पट्टी दाबत होते आणि साईनाथ खुणा करत होता. देवळाबाहेर निजलेले कुत्रे मध्येच उठून निघून गेले, पण त्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

आता धातू. पडद्यांची खरी तार गावात कुठून मिळणार? साईनाथची नजर ओट्याला टेकवलेल्या सायकलवर पडली. करवतीने खाचा, खाचांत सायकलचे स्पोक, वरून गोंद! संध्याकाळी गिटार मासळीच्या काट्यासारखी दिसू लागली. देवळात जाऊन त्याने ती पेटीसोबत वाजवून पाहिली. तंतोतंत! बुवांनी मान डोलावली. साईनाथला भरून आले.

"दादाऽ! माझ्या सायकलचं चाक असं का चालतंय रे?" अंगणातून रेश्मा ओरडली.

"कसं?"

"पोटात दुखल्यासारखं!"

शनिवारी साईनाथने गिटार चादरीत गुंडाळून नेली. मुरबाडच्या मंडपात ऐन वेळी चादर दूर केली. मितेशने डोळे बारीक करून विचारले, "दादा, हे स्पोक हायेत काय?"

"पडदे हायेत," साईनाथ थंडपणे म्हणाला. "धुतल्यासारखे."

पहिले गाणे सुरू झाले. कीबोर्ड एका गावाला निघाला, साईनाथ दुसऱ्या! बिनपडद्यांच्या गिटारीवर चुकले तर बोट शेजाऱ्याचे ऐकून हळूच सरकत असे. इतकी वर्षे साईनाथच्या सुराचे सारे इमान त्या सरकण्यात होते. आता स्पोक सरकत नव्हते. ते बारकूबुवांच्या बापाशी एकनिष्ठ होते! साईनाथला वाटले, बाकीचे बेसूर झालेत. त्यांना सावरण्यासाठी त्याने आवाज वाढवला.

समीक्षाचा सूर घाबरून खाली घसरला. नाचणारे मामा एक पाय उचलून तसेच थांबले. नवरीची आत्या भागीरथी ओरडली, "अगो, जनरेटर बिघडला वाटतं! बघा रे कोणीतरी!" दोन माणसे खरोखर जनरेटरकडे धावली!

शेखर वाकून साईनाथच्या कानाशी आला. "वायर काढली तुझी."

"मग मी खाली उतरू?"

"खबरदार! यजमान समोर बसलाय. भर गाण्यात एक माणूस उतरला तर घोळ कळेल, पैसे कापील. उभा राहा. हात हलव. हस!"

आणि शेखरने मितेशला स्पीकरच्या खोक्यांमागे बसवून वायर त्याच्या गिटारीत खुपसली.

मग जे सुरू झाले, त्याला नाद म्हणतात. मामांचा उचललेला पाय जमिनीवर आला. मंडप उसळला. पुढे दिव्यांच्या झोतात साईनाथ मुक्या तारांवर बोटे नाचवत होता. मागे अंधारात त्याचा वैरी त्याच्या नावाने गात होता. प्रत्येक सूर गोल, भरदार, थेंबासारखा. साईनाथला तो इतका आवडला, की त्याला रडावेसे वाटले. आपण असे वाजवले असते तर! आणि लोकांच्या मते तर तोच वाजवत होता!

कार्यक्रम संपला. समीक्षा घाम पुसत थेट त्याच्यापाशी आली.

"साईनाथ! आधी जनरेटरनं घोळ घातला, पण नंतर काय वाजवलंस रे! मी वळून बघणार होते, पण शब्द विसरले असते. पडदे बसवलेस ते झ्याक केलंस!"

खरे सांगण्याची हीच वेळ होती. साईनाथने तोंड उघडले. समोर तिच्या कानातला डूल हलत होता. साईनाथने तोंड मिटले आणि मान खाली घातली. तिला तो विनय वाटला.

"एवढा कसला लाजतोस? शेखरला मी आताच सांगून आले, बेसला साईनाथच पाहिजे." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि त्या मितेशलाही जरा शिकव ना. बिचाऱ्याला आज वाजवायलासुद्धा नाय मिळालं."

खोक्यांमागून मितेश वायर गुंडाळत बाहेर आला. त्याची कॉलर अजूनही कडक होती. त्याने साईनाथकडे पाहिले, समीक्षाकडे पाहिले, पुन्हा साईनाथकडे पाहिले.

"कधी येऊ, दादा, शिकायला?" तो अत्यंत नम्रपणे म्हणाला. "येताना पक्कड घेऊन येतो."