कोकिळाबाईंच्या कुड्या

वर्ध्यात एखादी वस्तू हरवली की लोक ठाण्यावर जात नाहीत, आधी माझ्याकडे येतात. मोठेपणा सांगत नाही! आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंचा चष्मा मी शोधला, तहसीलदारीणबाईंची पैठणी मी शोधली, आणि आमच्या नरहररावांचं टोपीखालचं टक्कल तर मी लग्नाच्या बोलणीतच शोधलं होतं. सुनीतीबाई डिटेक्टिव्ह म्हणतात मला!

म्हणून त्रेपन्न सालच्या त्या शुक्रवारी दुपारी कापसाच्या जिनवाल्या बंडोपंतांची मोटर दारात आली, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. शेजारच्या मीराला मात्र वाटावं म्हणून मी मोटरीत बसायला जरा वेळ लावला.

खरं तर सकाळीच मी त्या बंगल्यावरून आले होते. दर शुक्रवारी बंडोपंतांच्या कोकिळाबाई मोठ्या घरच्या बायकांना सूत कातायला बोलावत. मी मोठ्या घरची नव्हे, पण माझं सूत तुटत नाही, म्हणून मलाही बोलावणं असे. त्या दिवशी भूदानाचं काम करणारे वासुदेवजी अचानक तिथे आले, आमच्या सुताच्या गुंड्या घेतल्या, आशीर्वाद दिला आणि गेले.

आता कोकिळाबाई दिवाणखान्यात रडत बसल्या होत्या.

"सुनीतीबाई, माझ्या हिऱ्याच्या कुड्या गेल्या! आईच्या होत्या हो!"

"कुठून गेल्या?"

"वरच्या कपाटातून," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तानाबाईशिवाय घरात वावरतं कोण? हे संध्याकाळी वासुदेवजींच्या सभेहून आले की तिला पोलिसांत देणार!"

कामवाली तानाबाई दारातच उभी होती. "म्या नाई घेतल्या वं बाई! माया पोरीची सोयरीक जमली अल्लीपूरले. मंगळवारी पाहुणे कुंकू लावाले येऊन राह्यले. मायावर चोरीचं नाव आलं त कोण करन तिले?"

तिच्याकडे बघून मी पदर खोचला. "कोकिळाबाई," मी म्हटलं, "सहाच्या आत चोर तुमच्यासमोर उभा करते!"

सकाळी आलेल्या सगळ्या बायकांना मी परत बोलावलं. सगळ्या पांढऱ्या खादीत, सगळ्यांचे चेहरे साधेभोळे. पण वकिलीणबाई यशोदाबाईंनी नमस्कार केला आणि कुठेतरी खळकन वाजलं!

"बाही वर करा!" मी गरजले.

"अहो, पण..."

"वर करा!"

कोपराच्या वर चार पाटल्या! मी आनंदाने टाळीच वाजवली.

"माझ्याच आहेत त्या!" यशोदाबाई रडकुंडीला आल्या. "वासुदेवजींसमोर सोनं घालून बसायचं का? ते फाटकात आले म्हटल्यावर वर सरकवल्या. आता खाली येईनात!"

मग डॉक्टरीणबाई अन्नपूर्णाबाईंच्या चरख्याची पेटी उघडली. कापसाच्या पेळूंच्या खाली चपलाहार! तोही त्यांचाच. तिसरीच्या अंबाड्यातून अंगठ्या निघाल्या, चौथीच्या कनवटीला पुतळ्या. अर्ध्या तासात टेबलावर सराफाचं दुकान मांडून झालं. सगळं ज्याचं त्याचं, आणि कुड्यांचा पत्ता नाही! साबण लावूनही यशोदाबाईंच्या पाटल्या जागच्या हलेनात, ते वेगळंच.

साडेपाच वाजत आले. तानाबाई दाराशी मटकन बसली. तेव्हा कुठे माझं डोकं चाललं.

"कोकिळाबाई, वासुदेवजी आले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच, ह्या सतरंजीवर."

"कुड्या कानात होत्या?"

"होत्या."

"मग वरच्या कपाटाकडे गेलात कधी?"

कोकिळाबाई पदराशी चाळा करू लागल्या. "ह्या सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली हो! समोर पितळी ताटात गुंड्या ठेवल्या होत्या. एका गुंडीच्या पिळात खुपसल्या कुड्या. मग फराळाचं बघायला आत गेले. परत येऊन बघते तर ताट रिकामं, आणि तानाबाई ते घासून राहिलेली!"

"अस्सं!" मी कडक आवाजात विचारलं. "मग ताटातल्या गुंड्या उचलल्या कोणी?"

 शेवटी तानाबाईच हळूच म्हणाली, "तुम्हीच वं बाई. फडक्यात गाठोडं बांधून त्या पाहुण्याच्या हाती देल्लं न तुम्ही."

मी तांब्याभर पाणी प्यायले.

आम्हा दोघींना घेऊन मोटर सभेच्या मैदानावर पोचली तेव्हा वासुदेवजी बोलत होते. त्यांच्या तळहातावर काहीतरी लखलखत होतं. "मी सूत मागायला गेलो होतो," ते सांगत होते, "आणि एका भगिनीने सुताच्या आत लपवून, नावही न सांगता, आपले हिरे दिले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावर बसलेले बंडोपंत एकदम उठले. आता परत मागतात, ह्या आशेने मी कोकिळाबाईंचा हात घट्ट धरला.

"ह्या माझ्या पत्नीच्या कुड्या आहेत!" बंडोपंतांनी उपरण्याने डोळे टिपले. "मला विचारलंसुद्धा नाही तिने! मग मी तरी मागे काऊन राहू? माझी सिंदी मेघे गावची दहा एकर जमीन भूदानाला!"

लोकांनी जयजयकार केला. कोकिळाबाईंना उभं राहून हात जोडावे लागले. हात जोडताना त्या हसल्यासुद्धा, पण मी शेजारीच असल्यामुळे ते हसू मला फार जवळून दिसलं.

पोलीस आले नाहीत. परतीला मोटरीत मला जागा झाली नाही, मी चालत घरी आले. पुढच्या शुक्रवारचं बोलावणंही आलं नाही.

मंगळवारी तानाबाईच्या पोरीला कुंकू लागलं. दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आमच्याकडे आली आणि माझ्या पाया पडली. मला भरून आलं. शेवटी एका गरिबाचं नाव तर राखलं ना मी!

"लग्नाले नक्की येजा बाई," ती म्हणाली. मग उंबऱ्यापाशी थबकली. "पण एक सांगतो, राग नोका येऊ देऊ. आहेराचं गाठोडं कोणीबी बांधन, तुम्ही बांधू नोका!"